वेदनायुक्त संभोग : कारणे आणि उपचार

संभोगाच्या वेळी किंवा त्यानंतर स्त्रीच्या जननेंद्रियांत अथवा ओटीपोटात वारंवार होणाऱ्या वेदनेला वैद्यकात डिस्पारुनिया म्हणतात. ‘लग्नानंतर दुखतंच’ हे वाक्य आपल्याकडे इतके रुळले आहे की ही तक्रार दवाखान्यापर्यंत क्वचितच पोहोचते.

असे मौन किती आजार झाकून ठेवते, हे डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यात दाखवले. दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून त्यांनी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, पण त्याआधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. या आजारांपैकी जवळजवळ निम्मे जननमार्गाचे संसर्ग होते, आणि असे संसर्ग हे संभोगातील वेदनेचेही एक नेहमीचे कारण आहे.

निदानाची सुरुवात एका साध्या प्रश्नाने होते : नेमके कुठे दुखते? योनिमुखाशी आग किंवा टोचल्यासारखे होत असेल तर कोरडेपणा, बुरशीचा संसर्ग किंवा बाळंतपणातील टाक्यांचा व्रण असू शकतो. अंगावर पाजणाऱ्या आणि पाळी गेलेल्या स्त्रियांत इस्ट्रोजेन कमी झाल्याने कोरडेपणा येतो. खोलवर, ओटीपोटात दुखत असेल तर एंडोमेट्रिओसिस किंवा गर्भाशय व नलिकांचा दाह यांचा विचार करावा लागतो. काही स्त्रियांत योनीभोवतीचे स्नायू आपोआप आवळले जातात. याला व्हजायनिस्मस म्हणतात. दुखेल या भीतीने स्नायू आवळतात, आवळल्याने दुखते, आणि भीती वाढते. हे नाटक किंवा हट्ट नव्हे. स्त्रीची इच्छा नसताना झालेल्या संबंधातील वेदना मात्र वेगळी. तिथे औषधाआधी तिची सुरक्षितता पाहावी लागते.

उपचार कारणानुसार ठरतो. संसर्गावर औषधे, आणि गरजेप्रमाणे जोडीदारावरही उपचार. कोरडेपणावर वंगण जेली, पाळी गेल्यानंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने इस्ट्रोजेनचे मलम. (खोबरेल तेल सर्रास वापरले जाते, पण तेलाने लॅटेक्सचा निरोध फाटू शकतो.) व्हजायनिस्मसमध्ये श्रोणितळाच्या स्नायूंची फिजिओथेरपी, हळूहळू मोठे होत जाणारे डायलेटर आणि समुपदेशन उपयोगी पडते. उपचार चालू असताना दुखणारा संभोग थांबवणे हाही उपचाराचाच भाग आहे, आणि तो जोडीदाराला समजावून सांगावा लागतो.

तपासणीच्या वेळी स्त्री डॉक्टर मागण्याचा आणि मध्येच ‘थांबा’ म्हणण्याचा रुग्णाला हक्क आहे. संभोगानंतर रक्त जात असेल तर गर्भाशयमुखाची तपासणी लांबवू नये.