एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट, व्हीजीए : पडद्याच्या पिना वेगवेगळ्या का?

शिक्षक मित्रांनो, शाळेतला प्रोजेक्टर, ऑफिसमधला मॉनिटर, लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही आणि आपला लॅपटॉप, या चार वस्तूंची मागची किंवा कडेची बाजू एकदा नीट पाहा. एकाला निळ्या रंगाची, पंधरा छिद्रांची, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेली जोडणी दिसेल. दुसऱ्याला चपटी, खालचे दोन कोपरे तिरके असलेली खाच. तिसऱ्याला जवळजवळ तशीच, पण एकच कोपरा कापलेली. आणि नवीन लॅपटॉपला तर फक्त औषधाच्या कॅप्सूलसारखी छोटी लंबगोल खाच. काम सगळ्यांचं एकच आहे, संगणकातलं चित्र पडद्यापर्यंत नेणं. मग पिन एकच का नाही?

घरातल्या विजेच्या पिनांचं उदाहरण घेऊ. ज्याला आपण ५ अँपिअर आणि १५ अँपिअर म्हणतो त्या पिना वेगळ्या असतात, पण त्याला कारण आहे. गिझरची जाड पिन पंख्याच्या बारीक सॉकेटमध्ये बसूच नये, कारण बसली तर वायर तापेल. तिथला वेगळेपणा सुरक्षेसाठी आहे आणि त्याचं माप भारतीय मानक ब्युरोने ठरवून दिलेलं आहे. पडद्याच्या पिनांचं तसं नाही. इथला वेगळेपणा थोडा तंत्रज्ञानामुळे आला, पण बराचसा कंपन्यांच्या गटांमुळे आणि त्यांच्या परवान्यांमुळे आला. म्हणून हा विषय विज्ञानाचा आहे तेवढाच नागरिकशास्त्राचाही आहे, असं मला वाटतं.

सुरुवात व्हीजीएपासून करू. आयबीएम या अमेरिकन कंपनीने १९८७ मध्ये आपल्या पीएस/२ संगणकांबरोबर व्हीजीए आणलं. इतर कंपन्यांनी त्याची नक्कल केली आणि बघता बघता ती निळी पिन जगभर पोहोचली. व्हीजीए अ‍ॅनालॉग आहे. म्हणजे लाल, हिरवा आणि निळा या तीन रंगांसाठी तीन तारा असतात आणि प्रत्येक तारेतल्या विजेचा दाब ० ते ०.७ व्होल्टच्या दरम्यान कमीजास्त होतो. दाब जास्त, तर रंग उजळ. दाब कमी, तर रंग गडद. जुन्या काचेच्या, जाड मॉनिटरला हीच भाषा समजायची, त्यामुळे तेव्हा ते अगदी योग्य होतं.

नंतर सपाट पडदे आले आणि घोटाळा झाला. संगणकाच्या आत चित्र आकड्यांत असतं. सपाट पडद्यालाही आकडेच हवे असतात. पण मध्ये व्हीजीए असेल तर आकड्यांचे व्होल्ट करायचे आणि पलीकडे पुन्हा व्होल्टचे आकडे करायचे. मुलं वर्गात कानगोष्टी खेळतात तसाच हा प्रकार. पहिल्या मुलाने सांगितलेलं वाक्य शेवटच्या मुलापर्यंत जाताना थोडं तरी बदलतंच. लांब व्हीजीए वायरवर अक्षरं धूसर दिसतात, अक्षराच्या कडेला सावली पडते, ती यामुळेच. त्यापेक्षा लिहिलेली चिठ्ठी हातोहात पाठवली तर शब्द बदलत नाही. डिजिटल जोडणी म्हणजे ही चिठ्ठी.

अशी पहिली सर्वत्र चाललेली चिठ्ठी म्हणजे १९९९ मधली डीव्हीआय. इंटेल, आयबीएम, कॉम्पॅक, एचपी, सिलिकॉन इमेज वगैरे कंपन्यांनी एकत्र येऊन ती केली. पिन मोठी, आवाजाची सोय नाही आणि तिचेच तीन प्रकार, त्यामुळे गोंधळ. आता ती जुन्या मॉनिटरवरच दिसते. पण तिच्यातलं चित्र पाठवण्याचं तंत्र सिलिकॉन इमेजचं होतं, आणि तेच पुढे एचडीएमआयमध्ये गेलं. म्हणूनच डीव्हीआय आणि एचडीएमआय यांच्यामध्ये साधी, चिप नसलेली जोडपिन चालते.

आता मुख्य गोष्ट. एचडीएमआयची पहिली आवृत्ती डिसेंबर २००२ मध्ये आली. ती कोणी केली ते पाहा : हिताची, मात्सुशिता (म्हणजे आजची पॅनासॉनिक), फिलिप्स, सोनी, तोशिबा, थॉमसन आणि सिलिकॉन इमेज. सात नावं. एक सिलिकॉन इमेज सोडली, तर बाकीच्यांची ओळख टीव्ही आणि घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवणाऱ्या कंपन्या अशी आहे. त्यांना हवं होतं ते या पिनेत आलं. एकाच वायरमधून चित्र आणि आवाज, छोटी पिन, आणि सिनेमाची चोरी रोखणारं कुलूप.

या कुलपाचं नाव एचडीसीपी. हे इंटेलने तयार केलं. चित्र पाठवणारं यंत्र पडद्याला आधी विचारतं, "तुझ्याकडे परवान्याची किल्ली आहे का?" उत्तर बरोबर आलं तरच संरक्षित चित्रपट दिसतो, नाहीतर पडदा काळा. विकत घेतलेला चित्रपट लॅपटॉपवर दिसतो, पण स्वस्त कन्व्हर्टर लावून जुन्या प्रोजेक्टरवर दिसत नाही, असं होतं तेव्हा वायर खराब असेलच असं नाही. कुलूप आपलं काम करत असतं. आपण स्वतः बनवलेल्या पीपीटीला किंवा फोटोंना याचा त्रास नाही. गंमत म्हणजे या कुलपाची मुख्य किल्लीच २०१० मध्ये इंटरनेटवर फुटली आणि ती खरी असल्याचं इंटेलनेही मान्य केलं. चोरांचं काय अडलं ते तेच जाणोत, प्रामाणिक गिऱ्हाइकाचा पडदा मात्र काळा होतो.

आता पैशाचं बोलू. एचडीएमआयची पिन लावून वस्तू विकायची तर कंपनीला परवाना घ्यावा लागतो. मोठ्या उत्पादकाला वर्षाला १०,००० डॉलर फी. शिवाय प्रत्येक नगामागे रॉयल्टी १५ सेंट. वस्तूवर एचडीएमआयचा शिक्का छापला तर ती ५ सेंट, आणि वर सांगितलेलं कुलूपही बसवलं तर ४ सेंट. (या कुलपाचा करार आणि फी पुन्हा वेगळी.) वर्षाला १०,००० पर्यंतच नग बनवणाऱ्या छोट्या उत्पादकासाठी वेगळी सोय आहे : वार्षिक ५,००० डॉलर आणि नगामागे १ डॉलर.

हे आपण शाब्दिक उदाहरणासारखं सोडवून पाहू. सातवीच्या मुलांनाही देता येईल. मोठ्या कंपनीने वर्षात १,००,००० टीव्ही बनवले, शिक्का छापला, कुलूप बसवलं. रॉयल्टी झाली ४,००० डॉलर, फी १०,००० डॉलर, एकूण १४,००० डॉलर. एका टीव्हीमागे १४ सेंट. डॉलरचा भाव ८५ रुपये धरला तर साधारण १२ रुपये. आता एखाद्या छोट्या कारखान्याने फक्त १,००० यंत्रं बनवली. त्याला ५,००० अधिक १,००० म्हणजे ६,००० डॉलर भरावे लागले. एका यंत्रामागे ६ डॉलर, म्हणजे ५१० रुपये. पिन तीच, वायर तीच. मोठ्याला १२ रुपये, छोट्याला ५१०. दर कागदावर फारसा वाईट दिसत नाही, पण भागाकार केल्यावर खरा प्रकार कळतो.

दुसरं म्हणजे शिक्का छापला की सूट! आपली जाहिरात करणाऱ्याला रॉयल्टी तीन पटीने कमी. टीव्हीच्या खोक्यावर ती चार अक्षरं एवढी ठळक का असतात, त्याचं उत्तर यात सापडतं.

संगणक बनवणाऱ्यांना हे सगळं पटलं नाही. त्यांची व्हेसा नावाची संस्था अमेरिकेत आधीपासून होती. टीव्ही किंवा मॉनिटर भिंतीवर लावताना मागे जे चार स्क्रूंचं ठरावीक माप असतं, तेही याच संस्थेचं. या व्हेसाने २००६ मध्ये डिस्प्लेपोर्ट आणलं. नगामागे रॉयल्टी नाही, हा त्यांचा मोठा मुद्दा होता. तंत्रही वेगळं. एचडीएमआयच्या जुन्या पद्धतीत चित्राचे ठिपके ओळीने वाहत जातात. डिस्प्लेपोर्टमध्ये माहितीची छोटी छोटी पाकिटं करून पाठवतात, टपालासारखी. पाकिटावर पत्ता असला की एकाच वायरमधून दोन-तीन मॉनिटरची चित्रंही पाठवता येतात. (आणखी एक : डिस्प्लेपोर्टच्या बऱ्याच वायरींना पिनेवर दाबायचं बटण असतं. ते दाबल्याशिवाय पिन ओढू नका, खाच तुटते.)

म्हणून आजही टीव्हीला एचडीएमआय असतं आणि डिस्प्लेपोर्ट सहसा नसतं, तर ऑफिसच्या मॉनिटरला दोन्ही असतात. दोन गटांनी दोन घरं बांधली, आपण मधल्या बोळात वायर घेऊन उभे.

पण "रॉयल्टी नाही" एवढ्यावर गोष्ट संपली नाही. २०१५ मध्ये एमपीईजी एलए नावाची, अनेक कंपन्यांची पेटंट एकत्र करून परवाने विकणारी संस्था पुढे आली. डिस्प्लेपोर्टमध्ये आमच्या सभासदांची पेटंट वापरली आहेत, नगामागे २० सेंट द्या, असं तिचं म्हणणं. त्या सभासदांत सोनी आणि फिलिप्सही होत्या, म्हणजे एचडीएमआयच्या मूळ सातांपैकी दोन. व्हेसाचं उत्तर होतं की हे नुसते दावे आहेत, खरंखोटं काय ते कोर्टच ठरवेल. मानक बनवणारी संस्था "आम्ही पैसे घेत नाही" म्हणू शकते. "कोणीच घेणार नाही" असं ती म्हणू शकत नाही, कारण पेटंट तिसऱ्याच्याच कपाटात असू शकतं.

माझ्या मते पैशापेक्षा मोठा प्रश्न वेगळा आहे. पिनेचे नियम लिहिलेली कागदपत्रं कोण वाचू शकतं, आणि वाचून काय करू शकतं? लिनक्ससारख्या मुक्त प्रणाली आपल्याकडेही वापरात आहेत. केरळच्या सरकारी शाळांत मुलं मुक्त प्रणालीवरच संगणक शिकतात. आपल्या देशात सी-डॅकनेही बॉस नावाची लिनक्स प्रणाली तयार केली आहे. अशा प्रणालीत प्रत्येक प्रोग्रॅमची मूळ संहिता सगळ्यांसाठी उघडी असते. एएमडी ही कंपनी ग्राफिक्स कार्ड बनवते आणि लिनक्ससाठी तिचा ड्रायव्हर उघडा आहे. एचडीएमआय २.१ ही २०१७ मध्ये आलेली आवृत्ती. ती या उघड्या ड्रायव्हरमध्ये घालायची परवानगी एएमडीने एचडीएमआय फोरमकडे मागितली. फोरमने ती नाकारली, हे २०२४ च्या फेब्रुवारीत बाहेर आलं. संहिता उघडी ठेवली तर आमच्या गुप्त कागदपत्रांतला मजकूरही उघडा पडतो, अशी यातली अडचण. परिणाम असा की कार्डात ताकद आहे, टीव्हीत ताकद आहे, वायरही दमदार आहे, तरी त्या ड्रायव्हरवर एचडीएमआयमधून ४के चित्र सेकंदाला १२० वेळा पाठवता आलं नाही. डिस्प्लेपोर्टला ही आडकाठी नव्हती. व्हेसाची नवी कागदपत्रंही फुकट मिळत नाहीत, त्यासाठी सभासद व्हावं लागतं. पण त्यावरून उघडा ड्रायव्हर लिहायला तिची ना नाही.

आपल्या वर्गाला ४के १२० लागत नाही, हे खरंच. भूगोलाचा नकाशा आणि कवितेचा व्हिडिओ साध्या एचडीएमआयवर उत्तम चालतो. पण शाळेत येणाऱ्या वस्तू बहुधा दुसरीकडे वापरून झालेल्या असतात. आज शहरातल्या ऑफिसात जे नवं आहे, ते काही वर्षांनी देणगी म्हणून आपल्या दारात येतं. तेव्हा ते कुठल्या प्रणालीवर चालेल, याचा निर्णय आजच कुठल्यातरी बैठकीत होत असतो.

व्हीजीएचं असंच झालं. डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी, डेल, लेनोव्हो, सॅमसंग आणि एलजी यांनी मिळून जाहीर केलं की व्हीजीए हळूहळू बंद करू, आणि इंटेलने आपल्यापुरतं २०१५ हे साल सांगितलं. त्याच सुमारास आपल्याकडे गावोगावच्या शाळा लोकवर्गणीतून डिजिटल होत होत्या आणि बऱ्याच ठिकाणी व्हीजीएवाले प्रोजेक्टर लागत होते. म्हणून आज दुकानात कन्व्हर्टर एवढे खपतात.

कन्व्हर्टर घेताना दिशा नीट सांगा, ही एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा. "एचडीएमआय टू व्हीजीए" म्हणजे लॅपटॉपला एचडीएमआय आणि प्रोजेक्टरला व्हीजीए. यात डिजिटलचं अ‍ॅनालॉग करणारी चिप असते, म्हणून तो उलटा लावून चालत नाही. जुन्या व्हीजीए संगणकाला नवा टीव्ही जोडायचा तर "व्हीजीए टू एचडीएमआय" हा वेगळा तुकडा लागतो, आणि व्हीजीएमध्ये आवाज नसल्याने आवाजाची वायर वेगळी जोडावी लागते. डिस्प्लेपोर्टचंही तसंच. त्यातून एचडीएमआयकडे जाणारा तुकडा स्वस्त मिळतो, कारण बहुतेक संगणकांचं डिस्प्लेपोर्ट गरज पडली की एचडीएमआयच्या भाषेत बोलतं. उलट दिशेने एचडीएमआयला डिस्प्लेपोर्टची भाषा येत नाही, तिथे चिपवाला महाग कन्व्हर्टरच हवा.

कॅप्सूलसारखी यूएसबी-सी खाच दिसली म्हणून चित्र येईलच असंही समजू नका. त्यातून डिस्प्लेपोर्टचं चित्र पाठवायची सोय २०१४ पासून आहे, पण ती द्यायची की नाही हे कंपनी ठरवते. खाचेशेजारी डिस्प्लेपोर्टचं किंवा थंडरबोल्टच्या विजेचं चिन्ह आहे का ते बघा, नाहीतर मॉडेलची माहिती वाचा. काही खाचा फक्त चार्जिंग आणि फाइलींपुरत्याच असतात.

आणि वायरच्या पाकिटावर "एचडीएमआय २.१ केबल" असं ठळक छापलेलं दिसलं तर भुलू नका. परवान्याच्या नियमांनुसार वायरवर आवृत्तीचा आकडा लिहायचाच नसतो. वायरींची अधिकृत नावं स्टँडर्ड, हाय स्पीड, प्रीमियम हाय स्पीड आणि अल्ट्रा हाय स्पीड अशी आहेत. शेवटच्या प्रकारच्या पाकिटावर मोबाइलने स्कॅन करता येईल असं लेबल असतं. वर्गातल्या फुल एचडी प्रोजेक्टरला हाय स्पीड वायर पुरते.