अपडेट कधी घ्यायचं, हे खेळणाऱ्याला ठरवू द्या

‘फॉलआउट ४’ हा एकट्यानं खेळायचा गेम २०१५ मध्ये आला आणि इतकी वर्षं टिकला, तो मुख्यतः चाहत्यांच्या जिवावर. मूळ गेमला नव्या कथा, शस्त्रं, घरं जोडणारे हजारो ‘मॉड’ त्यांनी तयार केले. ‘फॉलआउट: लंडन’ त्यातलाच एक. हौशी मंडळींनी काही वर्षं खपून गेममध्ये अख्खं लंडन उभं केलं, तेही फुकट वाटण्यासाठी. तारीख ठरली होती २३ एप्रिल २०२४.

पण त्याच महिन्यात ‘फॉलआउट’वरची मालिका प्राइम व्हिडिओवर आली आणि बेथेस्डा कंपनीनं २५ एप्रिलला गेमचं मोठं अपडेट आणणार असल्याचं जाहीर केलं. मॉडचं प्रकाशन लांबणीवर पडलं. अखेर २५ जुलैला तो आला, पण चालणार अपडेटच्या आधीच्या आवृत्तीवर. खेळायचा, तर आधी गेम जुन्या आवृत्तीवर नेण्याची खटपट आलीच.

असं का होतं? अनेक मोठे मॉड ‘स्क्रिप्ट एक्स्टेंडर’ नावाच्या छोट्या प्रोग्रॅमवर अवलंबून असतात. गेमच्या मुख्य फाइलमध्ये कुठलं काम कुठल्या पत्त्यावर चालतं, हे त्याला नेमकं माहीत असावं लागतं. कंपनीनं फाइल नव्यानं तयार केली की पत्ते सरकतात. मग एक्स्टेंडर ‘ही आवृत्ती माझ्या ओळखीची नाही’ असं सांगून थांबतो आणि त्याच्या भरवशावरचे सगळे मॉडही अडतात.

अपडेट टाळावं, तर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर ‘गेम सुरू करीन तेव्हाच अपडेट कर’ असा पर्याय आहे. ‘अपडेट नकोच’ असा नाही. गेम उघडायला गेलं, की आधी अपडेट. ते टाळण्यासाठी लोक ऑफलाइन मोडमध्ये खेळतात किंवा गेमचं फोल्डरच दुसरीकडे कॉपी करून ठेवतात.

ऑनलाइन सामन्यांचं वेगळं आहे. तिथे सगळ्यांकडे एकच आवृत्ती लागते, चीटिंगच्या पळवाटाही तातडीनं बुजवाव्या लागतात. पण घरात एकट्यानं खेळणाऱ्याची जुनी आवृत्ती कुणाच्या आड येते?

जुनी आवृत्ती हाताशी ठेवणं अवघड नाही. ‘माइनक्राफ्ट’च्या जावा आवृत्तीत खेळाडू लाँचरमधूनच कितीतरी जुन्या आवृत्त्या निवडतो. जीओजी या दुकानाच्या गॅलॅक्सी अ‍ॅपमध्ये अनेक गेम मागच्या आवृत्तीवर नेता येतात. स्टीमवरही ‘बीटा’ या टॅबमध्ये जुन्या आवृत्त्या ठेवण्याची सोय आहे आणि पॅराडॉक्ससारखे प्रकाशक ती नियमानं वापरतात. मात्र ती वापरायची की नाही, हे सर्वस्वी कंपनीच्या मर्जीवर.

ही मर्जी आता नियम व्हायला हवी. एकट्यानं खेळायच्या प्रत्येक गेमला, मोठ्या अपडेटआधीची आवृत्ती त्याच दुकानातून, त्याच पैशांत मिळालीच पाहिजे. गिऱ्हाइकानं पैसे मोजले ते त्या दिवशी समोर असलेल्या गेमसाठी. तो त्याच्याकडून परस्पर काढून घेण्याचा हक्क विकणाऱ्याला नाही.