ग्रामनाम आणि कुलनाम : नेपाळी पहाडातील ब्राह्मणांची आडनावे

नेपाळी भाषा बोलणाऱ्या पहाडी ब्राह्मणांच्या, म्हणजे तिकडे ज्यांना बाहुन म्हणतात त्यांच्या, वंशावळ्या चाळू लागले की मूळपुरुष बहुधा कनोजहून, काशीहून किंवा दक्षिणेतून यवनांच्या आक्रमणाला कंटाळून हिमालयात आल्याची कैफियत वाचावयास मिळते. पण त्याच वंशावळीच्या मुखपृष्ठावरील आडनाव, ज्याला नेपाळीत थर म्हणतात, ते कनोजचा किंवा काशीचा उल्लेखही न करता पश्चिम नेपाळमधील कर्णालीच्या खोऱ्यातल्या एखाद्या खेड्याकडे मुकाट्याने बोट दाखवीत असते. या दोन साक्षींपैकी दुसरीवर मी अधिक विश्वास ठेवतो, कारण पहिली कुळाची प्रतिष्ठा वाढविण्यासाठी रचली जाऊ शकते, आणि दुसरीत तसे मिरविण्याजोगे काहीच नाही.

मराठी वाचकाला ही रचना परकी वाटू नये. आपण गावाच्या नावाला ‘कर’ जोडतो. या पहाडात नेपाळी भाषा रुजविणाऱ्या खस लोकांनी ‘आल’, ‘एल’, ‘ली’ हे प्रत्यय जोडले. दैलेख भागातील पराजुलचे ते पराजुली, अछाममधील तिमिल्सेनचे ते तिमिल्सिना. पोखरेल, पौडेल, रिजाल, दाहाल, लम्साल ही सारी त्याच घडणीची. देवकोटा, सापकोटा, बाँसकोटा यांत कोट, म्हणजे गढी, उघड दिसते. चापागाईं, चौलागाईं, हुमागाईं यांत गाव. ‘आल’ हा प्रत्यय नेपाळच्या सीमेपाशी थांबत नाही, हे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. गढवालात नौटी गावचे नौटियाल आणि थापलीचे थपलियाल आहेतच. एकाच भाषिक प्रवाहातील वसतिस्थाने गढवालपासून कर्णालीपर्यंत अशी पसरली असताना, ही आडनावे मैदानातून आयती आली असे म्हणणे फार धाडसाचे ठरेल.

त्या प्रवाहाचे राजकीय केंद्र जुम्ल्याजवळील सिंजा येथे होते. बाराव्या ते चौदाव्या शतकांत तेथे राज्य करणाऱ्या खस मल्ल राजांचा काठमांडूच्या मल्लांशी संबंध नाही. दुल्लू येथील शके १२७९, म्हणजे इ. स. १३५७ च्या पृथ्वी मल्लाच्या शिलालेखातील राजावळीने त्यांचा इतिहास प्रकाशात आला, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास जुझेप्पे तुच्ची या इटालियन पंडिताने तो विद्वज्जगतापुढे मांडला. हे राजे बुद्धाला आणि शिवाला सारख्याच भक्तीने वंदन करीत. ब्राह्मणांना भूमिदानाचे ताम्रपट देतानाही त्यांनी हात आखडता घेतला नाही. जेथे दान तेथे दस्तऐवज, आणि जेथे दस्तऐवज तेथे दान घेणाऱ्याची ओळख पटविणारे नाव आलेच. गोत्राने हे काम भागत नव्हते. पौडेल आणि अर्याल दोघेही आत्रेय गोत्री, तेव्हा विवाहसंबंध ठरविताना गोत्र पुरेसे असले तरी बिर्ता, म्हणजे दान मिळालेल्या, जमिनीचा निवाडा करताना गावच सांगावे लागे.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस ते राज्य विस्कटले आणि पहाडात बाइसे व चौबिसे, म्हणजे बावीस आणि चोवीस, अशा छोट्या संस्थानांची गर्दी झाली. प्रत्येक दरबाराला पुरोहित हवा, ज्योतिषी हवा, कारकून हवा. म्हणून ही कुळे पूर्वेकडे सरकत गेली, आणि सोडलेल्या गावाचे नाव त्यांनी मात्र सोडले नाही. गोरखाचा राजा पृथ्वीनारायण शहा याने १७६८ साली काठमांडू आणि पुढे गोरख्यांनी १७७४ मध्ये पूर्वेकडील विजयपूर घेतल्यावर हा ओघ अधिकच वाढला. तोच ओघ दार्जिलिंग, सिक्कीम, भूतान आणि आसामपर्यंत पोहोचला. कोइराला कुळ याचे ठळक उदाहरण. सिंधुलीतील दुम्जा हे त्यांचे गाव, विराटनगर ही कर्मभूमी, आणि पुढे पंतप्रधान झालेले विश्वेश्वरप्रसाद तर १९१४ मध्ये काशीत जन्मले!

या पूर्बिया, म्हणजे पूर्वेकडील, ब्राह्मणांहून कुमाई, म्हणजे कुमाऊंमधून आलेले, वेगळे मानले जातात. पंत, जोशी, भट्ट, पांडे ही त्यांची आडनावे वाचून मराठी माणसाचे कान टवकारतात, आणि पंतांच्या बाबतीत ते निराधारही नाही. गोविंद वल्लभ पंतांसह कुमाऊंच्या अनेक पंत घराण्यांची परंपरा आपले मूळ महाराष्ट्रात सांगते. परंतु नेपाळातील वाग्ले पाहून लगेच गोव्याच्या वागळ्यांशी सोयरीक जुळविण्याचा मोह आवरावा. ध्वनिसाम्य ही वंशाची सनद नव्हे, आणि अधिकारी, भंडारी यांसारखी हुद्द्यावरून पडलेली नावे तर कोणत्याही दरबारात उपजू शकतात.

आडनाव एक असले म्हणून दर्जा एक असे मात्र नाही. उपाध्याय आणि जैसी या दोन्ही वर्गांत तेच थर सापडतात. जैसी शब्द मुळात ज्योतिष्याचा, पण पंतप्रधान जंगबहादुर राणाच्या १८५४ च्या मुलुकी ऐनाने, म्हणजे देशाच्या कायदेसंहितेने, उपाध्यायांना सर्वांत वर बसवून, मध्ये राजपुतांना घालून, जैसींना त्यांच्याखाली लोटले. काठमांडूतील ब्रिटिश अधिकारी ब्रायन हॉजसनने १८३३ मध्ये नोंदविले होते की ब्राह्मण आणि खस स्त्रिया यांच्या संततीला जानवे आणि पित्याचे थर दोन्ही मिळत. क्षेत्री, म्हणजे क्षत्रिय, घराण्यांत ब्राह्मणी आडनावे दिसतात त्याचा एक मार्ग हा. याहून अवघड साक्ष लोहारकाम करणाऱ्या कामींची आणि चर्मकार सार्कींची, कारण बाहुनांचे म्हणून ओळखले जाणारे कित्येक थर त्यांच्यातही आहेत. एकाच गावात राहणाऱ्या सर्वांना गावाचे नाव लागावे, यात खरे म्हणजे नवल ते काय? पण आज थरांच्या मंडळांनी पिढ्यान्‌पिढ्यांची नावे जुळवून जाडजूड वंशावळ्या छापल्या आहेत, आणि त्यांत त्याच थराच्या कामी घरांची नोंद क्वचितच आढळते.