उलटे बुजगावणे : बदक स्वस्त घ्यावे की महाग?

शेतातले बुजगावणे आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. दोन काठ्या, एक फाटका सदरा आणि डोक्याच्या जागी मडके, एवढ्यावर ते उभे राहते. त्याचे नाक-डोळे नीट आहेत की नाहीत, याची चौकशी पाखरे करीत नाहीत.

अमेरिकेत आणि कॅनडात नेमके याच्या उलट काम करणारी एक वस्तू वापरतात. तिला ‘डिकॉय’ म्हणतात. तळ्यात खोटी बदके तरंगत ठेवायची आणि आपण लव्हाळ्यात दडून बसायचे. वरून जाणाऱ्या थव्याला वाटते, की खाली आपले भाईबंद निवांत चरत आहेत, तेव्हा जागा सुरक्षित असली पाहिजे. थवा उतरू लागतो आणि शिकाऱ्याच्या टप्प्यात येतो. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने बदकांच्या शिकारीला बंदी आहे. तिकडे परवाना, ठरावीक हंगाम आणि दिवसाला किती बदके मारायची याची मर्यादा, अशा बंधनांत ती चालते.

तिकडच्या दुकानांत साधी पोकळ प्लास्टिकची बदके मिळतात आणि त्यांच्या कितीतरी पट किमतीची, पीस न् पीस रंगवलेलीही मिळतात. कोणती घ्यावीत? प्रश्न शिकाऱ्याचा असला, तरी उत्तर विज्ञानाच्या वर्गातले आहे.

पिसे कोणाला दिसतात?

निरोगी मानवी डोळ्याला दोन ठिपके वेगळे दिसायचे, तर त्यांनी डोळ्याशी निदान १ मिनिटाचा, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाचा कोन करावा लागतो. हिशेब केला तर १ मिलिमीटर अंतरावरचे ठिपके सुमारे ३.४ मीटरपर्यंतच वेगळे दिसतात. शिकारी बंदूक चालवतो ती साधारण ३० ते ४० मीटरवरून. चाळीस मीटरवर १२ मिलिमीटरपेक्षा बारीक तपशील आपल्याला दिसणार नाही. बदकाची नजर आपल्या दुप्पट तीक्ष्ण धरली, तरी मर्यादा ६ मिलिमीटरची येते. महागड्या बदकावर कोरलेल्या एक-दोन मिलिमीटरच्या रेघा थव्याच्या दृष्टीने नसल्यातच जमा!

मग दिसते काय? एक, आकार. दोन, गडद आणि फिकट रंगांचे मोठे पट्टे. तीन, चकाकी. ओल्या प्लास्टिकवरून ऊन आरशासारखे परावर्तित होते, तर पिसांवर ते विखुरते. म्हणून बिनचमकीचा रंग किंवा मखमली लेप यांवर केलेला खर्च समजण्यासारखा आहे.

रंगांच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या, तर पक्ष्यांच्या डोळ्यात चार प्रकारच्या असतात. जांभळ्या रंगापलीकडचा थोडा अतिनील प्रकाशही बदकांना दिसतो. त्यामुळे आपल्याला हुबेहूब वाटणारा रंग बदकाला वेगळा दिसू शकतो. दुकानात मात्र बदक पसंत करतो तो माणूस, आणि पैसे देतो तोही माणूसच.

१९२४ साली नेवाडा राज्यातील लव्हलॉक गुहेत ११ डिकॉय सापडले. ते सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे आहेत. तेथील मूळ रहिवाशांनी पाणगवताच्या जुड्या बांधून त्यांना बदकाचा आकार दिला होता. काहींवर रंगाचे पट्टे आणि खरी पिसेही होती. आकार आणि पट्टे यांचे महत्त्व त्या कारागिरांनी अनुभवातून ओळखले होते.

ब्रिटिश पक्षिशास्त्रज्ञ डेव्हिड लॅक यांना रॉबिन पक्ष्यांत असेच काही आढळले. आपल्या हद्दीत पेंढा भरलेला, पण छातीवर लाल रंग नसलेला रॉबिन ठेवला, तर नर सहसा दुर्लक्ष करी. लाल पिसांच्या नुसत्या झुपक्यावर मात्र तो तुटून पडे. संपूर्ण साम्यापेक्षा नेमकी खूण महत्त्वाची ठरली.

पाण्यातले पाणी

खर्चाचा दुसरा मुद्दा बदकाच्या बुडाखाली असतो. तेथे एक उभी पट्टी असते, तिला कील म्हणतात. स्वस्त प्रकारात ती पोकळ असते आणि भोकांतून तिच्यात पाणी भरते. महाग प्रकारात तिच्यात वाळूसारखे वजन बंद केलेले असते.

येथे आर्किमिडीजची आठवण ठेवावी. कील पाण्याखाली असेपर्यंत आतल्या पाण्याचे वजन आणि त्यावरचे प्लावक बल सारखेच असते. म्हणून ते पाणी बदकाला खाली ओढत नाही. वाळू पाण्यापेक्षा जड असल्याने सतत खाली ओढते. असे बदक कसेही फेकले तरी सरळ होते. पोकळ कीलचे बदक उलटे पडले तर कील रिकामीच राहते आणि बदकही उलटेच. ते हाताने नीट ठेवावे लागते. पण डझनभर बदके पाठीवर घेऊन चिखल तुडवायचा असेल, तर हेच हलके बदक सोयीचे!

हालचालीचा पुरावा

खरी बदके गप्प बसत नाहीत. म्हणून जुने शिकारी दोरी ओढून डिकॉय हलवतात. अलीकडे विजेरीवर पंख फिरवणारे डिकॉय निघाले. ते खरेच परिणामकारक आहेत का? २००२ च्या हंगामात मिनेसोटा राज्यात याची परीक्षा झाली. शिकारी तेच, जागा तीच, डिकॉय तेच. फक्त पंख आळीपाळीने चालू आणि बंद ठेवले. पंख चालू असताना मॅलार्ड बदकांचे थवे अधिक वेळा जवळ आले. हवा, वारा, दिवस यांचा परिणाम दोन्ही बाजूंना सारखाच वाटला गेला, हे या पद्धतीचे बळ. ‘महाग बदके नेली आणि शिकार चांगली झाली’ या अनुभवाला असे बळ नसते, कारण त्या दिवशी वाराही बदललेला असू शकतो.

उपाय परिणामकारक ठरला की जबाबदारीही वाढते. जिवंत बदके बांधून थवे बोलावण्याची पद्धत अमेरिकेने १९३५ मध्ये याच कारणाने बंद केली होती.

हीच युक्ती पक्षी वाचवण्यासाठीही वापरता येते. मेन राज्याच्या किनाऱ्याजवळील ईस्टर्न एग रॉक या बेटावरून पफिन पक्षी शिकारीमुळे नाहीसे झाले होते. स्टीफन क्रेस यांनी १९७३ पासून तेथे पिल्ले आणून वाढवली. मोठी झालेली पिल्ले परतावीत म्हणून १९७७ मध्ये त्यांनी खडकांवर लाकडी पफिन उभे केले. १९८१ साली तेथे पुन्हा घरटी झाली.

वर्गात करून पाहा

पुठ्ठ्याची दोन सारखी बदके कापा. दोन्हींची डोकी गडद रंगवा. एकावर शाईने बारीक पिसे काढा, दुसरे तसेच ठेवा. मैदानात ५ मीटरपासून मागे सरकत जा आणि फरक कोठे नाहीसा होतो ते मुलांनाच नोंदवू द्या. मग पुठ्ठे किंचित हलवा आणि पुन्हा विचारा. महाग काय आणि स्वस्त काय, हे ठरवण्याआधी पाहणारा कोण आहे आणि तो किती अंतरावर आहे, हे विचारले पाहिजे. एवढे मुलांना उमगले, तर पुठ्ठ्याचे बदक कामी आले असे आम्ही म्हणू.