काचेतला काठ

मत्स्यालयात वाढवल्या जाणाऱ्या ज्या वनस्पतींना सरसकट पाणवनस्पती म्हटले जाते, त्यांपैकी बऱ्याचशा वस्तुतः ओढ्याकाठच्या, दलदलीतल्या किंवा भातखाचरातल्या असतात आणि वर्षाचे काही महिने पाण्याखाली, तर उरलेले उघड्या हवेत काढतात. ब्राह्मी हे त्याचे घरगुती उदाहरण. अनुबियास, हायग्रोफिला, क्रिप्टोकोरायनी ही छंदिष्टांच्या परिचयाची नावेही याच वर्गात मोडतात. मुळे पाण्यात आणि पाने हवेत, अशा वाढीला या छंदात ‘इमर्स्ड’ म्हणतात. काचेच्या टाकीला तळ असतो, पाणी असते, परंतु काठ नसतो. म्हणून अशा वाढीसाठी टाकीत एक मंच उभारावा लागतो.

पाने पाण्याबाहेर काढण्याचा लाभ मुख्यतः कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत होतो. हा वायू हवेच्या तुलनेत पाण्यात सुमारे दहा हजार पटींनी मंद पसरतो, त्यामुळे बुडालेल्या पानाला तो मिळवण्यासाठी झगडावे लागते, तर हवेतल्या पानाला तो पर्णरंध्रांतून, म्हणजे पानावरील सूक्ष्म छिद्रांतून, सहज मिळतो. डेन्मार्कमधील ‘ट्रॉपिका’ या १९७० साली सुरू झालेल्या रोपवाटिकेसह अनेक व्यावसायिक उत्पादक मत्स्यालयाची रोपे काचगृहात हवेतच वाढवतात, ते याच कारणाने. शिवाय माशांच्या उत्सर्जनातून येणारा अमोनिया आणि जिवाणूंनी त्याचे रूपांतर करून बनवलेला नायट्रेट ही पाण्यात लोंबणारी मुळे शोषून घेतात. मनीप्लांटची फांदी टाकीत सोडण्याची घरोघरची युक्ती याच तत्त्वावर चालते.

मंचाचे दोन प्रकार आहेत. स्थिर मंचात काचेची पट्टी सिलिकॉनने टाकीच्या भिंतीला चिकटवून तिच्यावर प्लास्टिकची जाळी ठेवतात. त्यासाठी बुरशीरोधक औषध नसलेले सिलिकॉन घ्यावे लागते, कारण ते औषध माशांना घातक असते. सिलिकॉनचा व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत टाकीत पाणी भरता येत नाही. पॉलिथिन व पॉलिप्रॉपिलिन यांना सिलिकॉन धरत नाही, म्हणून त्यांची जाळी केबल टायने बांधावी लागते. रबरी सक्शन कपवर टांगलेला मंच सोपा वाटतो खरा, पण रबर कडक होऊन पकड सुटते आणि कुंडी बहुधा रात्रीच माशांवर कोसळते. तांब्याची तार मात्र कुठेही वापरू नये. तांबे कोळंबीला विषारी असते.

स्थिर मंचाचा खरा दोष असा की, तो पाण्याच्या पातळीशी जुळवून घेत नाही. उघड्या टाकीतले पाणी उन्हाळ्यात आठवडाभरात काही सेंटिमीटर उतरते आणि कालपर्यंत भिजलेली मुळे कोरडी पडतात. तरंगत्या मंचाला ही अडचण येत नाही, कारण तो पाण्याबरोबरच खाली-वर होतो. काश्मीरच्या दल सरोवरातल्या तरंगत्या बागा आणि बांगलादेशात जलपर्णीचे थर रचून केलेली तरंगती शेती, जिला अन्न व कृषी संघटनेने २०१५ साली जागतिक महत्त्वाच्या कृषिवारशात स्थान दिले, यांच्यामागचा विचार हाच आहे. टाकीतला तराफा हे त्यांचे बोटभर रूप.

तराफ्यासाठी बंद पेशींचा, म्हणजे पाणी न शोषणारा, पॉलिथिन फोम उत्तम. थर्माकोलचे कण सुटतात आणि मासे ते टिपतात. ३० सेंटिमीटर लांब, १५ सेंटिमीटर रुंद आणि अडीच सेंटिमीटर जाड तुकड्याचे घनफळ ११२५ घनसेंटिमीटर भरते, म्हणजे तो पूर्ण बुडाला तर सव्वा लिटरला थोडे कमी पाणी बाजूला सारून स्वतःच्या वजनासह सुमारे १.१ किलो भार पेलतो. प्रत्यक्षात याच्या निम्म्याहून कमी भार ठेवावा, कारण वाढ होते तशी पाने जड होतात आणि वरचा भार तोल बिघडवतो. फोमला भोके पाडून त्यांत जाळीदार छोट्या कुंड्या अशा बसवाव्यात की त्यांचा फक्त तळ पाण्याला टेकेल. कुंडीत मातीऐवजी भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्या घालाव्यात. मंचाने टाकीचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक पृष्ठभाग झाकला, तर खालच्या झाडांचा उजेड तुटतो.

पाण्याखाली वाढलेले रोप एकदम वर आणले की त्याची पाने तासाभरात सुकतात, कारण पाणी धरून ठेवणारा मेणचट थर त्यांच्यावर जवळजवळ नसतो. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे पारदर्शक झाकण ठेवून ओलसर हवा राखावी लागते. जुनी पाने गळून नवी, जाड पाने आली की झाकण हळूहळू उघडावे. दिवा पानांपासून किमान वीतभर दूर असावा.

क्रिप्टोकोरायनी या वंशातील जातींची नेमकी ओळख पानांवरून क्वचितच पटते, फुलावरून पटते, आणि अनेक जाती पाणी ओसरल्यावरच फुलतात. या नावाचा ग्रीक अर्थही ‘दडलेली गदा’ असाच आहे, कारण फुलोऱ्याचा दांडा नळीसारख्या आवरणात लपलेला असतो. याच वंशातील क्रिप्टोकोरायनी कॉग्नाटा ही जाती पश्चिम घाटाच्या परिसरापुरती मर्यादित असल्याने कोकणातल्या ओढ्यांतून ती उपटून आणू नये. मंचासाठी रोपवाटिकेतली झाडे किंवा परसातली ब्राह्मी पुरेशी आहे.