नवजात कोकराचा पहिला दिवस

थंडीत जन्मलेले कोकरू पाठीस कमान देऊन, मान खाली घालून कळपाबाहेर उभे राहिले, तर ते शांत आहे असे समजू नये. बहुधा ते उपाशी व गारठलेले असते. त्याच्या तोंडात बोट घातल्यास गारवा जाणवतो. निरोगी कोकराचे तापमान सुमारे ३९ ते ४० अंश सेल्सियस असते. ते ३७ अंशांखाली उतरल्यास प्राणावर बेतते.

गर्भावस्थेत मेंढीच्या रक्तातील रोगप्रतिकारक द्रव्ये पिलास मिळत नाहीत. ती व्यायल्यानंतरच्या चिकातून मिळतात, आणि ती शोषण्याची आतड्याची शक्ती जेमतेम एक दिवस टिकते. म्हणून पहिल्या काही तासांतच, वजनाच्या दर किलोग्रॅममागे सुमारे ५० मिलिलिटर चीक पोटात गेला पाहिजे.

गारठलेले कोकरू कोरडे पुसून आडोशास ठेवावे. मान सावरत नसल्यास तोंडात दूध ओतू नये. ते फुप्फुसांत शिरते. पाच तासांहून मोठे कोकरू निपचित पडले असेल, तर त्याच्या रक्तातील साखर सरलेली असते. नुसते शेकल्याने झटके येऊन ते दगावू शकते. त्यास आधी पशुवैद्याकडून ग्लुकोज द्यावे, मग ऊब द्यावी.

गाभण मेंढीस विण्यापूर्वी सुमारे महिनाभर आंत्रविषाराची लस टोचल्यास त्या रोगापासूनचे संरक्षणही चिकावाटेच कोकरास लाभते.