सेफ्टी पिनेला भुलणारा मासा

उघड्या सेफ्टी पिनेसारखी वाकवलेली एक तार घ्या. खालच्या टोकाला शिशाचा गोळा, त्या गोळ्यातून निघालेला गळ, गळाला झाकणाऱ्या रबराच्या झिरमिळ्या आणि वरच्या टोकाला, पाण्यातून ओढताना गरगर फिरणारं चमच्यासारखं चकचकीत पातं. याला स्पिनरबेट म्हणतात. असा दिसणारा जीव जगातल्या कुठल्याही तळ्यात नाही, तरी अमेरिकेतला लार्जमाउथ बास गेली कित्येक दशकं त्याच्यावर तुटून पडतो आहे. माशाला तो लहान माशांचा थवा वाटतो, असं दुकानदार सांगतात. वाटत असेलही, माशाला कोणी विचारलेलं नाही. त्याच दुकानाच्या दुसऱ्या भिंतीवर खवला न् खवला रंगवलेले, टपोऱ्या डोळ्यांचे, कल्ल्यांपाशी लाल छटा दिलेले लाकडी-प्लॅस्टिकचे मासे टांगलेले असतात आणि नवशिका माणूस पाकीट उघडतो तो तिथे. गळ टाकण्यात केस पिकलेला माणूस त्या भिंतीकडे फारसा फिरकत नाही, आणि त्याचं बरोबर आहे असं मला वाटतं. खोट्या आमिषाचं काम त्याच्या चालीने होतं, चेहऱ्याने होत नाही. हे खोटं आमिष, म्हणजे ल्युअर, किती खोल जातं, किती वेगाने जातं आणि कुठे थबकतं, यावर मासा लागणं ठरतं. उरलेलं रंगकाम गिऱ्हाइकासाठी.

माशाची ओळख घाईघाईने उरकतो. लार्जमाउथ बास हा मूळचा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला, गोड्या पाण्यातला मासा, सनफिशच्या कुळातला. आपल्या कोकणातल्या जिताड्याला इंग्रजीत ‘एशियन सी बास’ म्हणतात, त्याचा याच्याशी नात्याचा संबंध नाही. शास्त्रीय नाव ‘मायक्रोप्टेरस’, म्हणजे ‘छोट्या पराचा’. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लासेपेद यांच्यापुढे १८०२ मध्ये याच्या भाऊबंदाचा, स्मॉलमाउथ बासचा, जो नमुना आला त्याचा पाठीवरचा पर फाटलेला होता. तुटून वेगळा राहिलेला तुकडा त्यांना स्वतंत्र छोटा पर वाटला आणि तेच नाव दोघांनाही कायमचं चिकटलं. १८८१ मध्ये डॉ. जेम्स हेन्शल यांनी या माशावर अख्खं पुस्तक लिहून त्याला ट्राउटच्या पंक्तीला बसवलं, १९६७ मध्ये रे स्कॉट यांनी आर्कान्सॉतल्या बीव्हर लेकवर मोठी स्पर्धा भरवली आणि तिथून पुढे हा धंदाच झाला.

आता बास खातो कसा ते पाहू, कारण सगळी किल्ली तिथे आहे. तो शिकार चावत नाही, ओढून घेतो. प्रचंड जबडा डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडतो, तोंडात पोकळी होते आणि पाणी शिकारीसकट आत जातं. जे नको असेल ते तितक्याच चपळाईने बाहेर. माशाला हात नसतात. समोरची वस्तू काय आहे हे तपासायचं तर ती तोंडात घेऊनच. शिवाय त्याच्या दोन्ही अंगांवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक संवेदनरेषा असते, तिने जवळच्या पाण्यातली थरथर कळते. गढूळ पाण्यात फिरत्या पात्याची थरथर त्याला पातं दिसायच्या आधी पोचते. आणि वसंतातला नर पाहा. पाणी पंधरा-वीस अंश सेल्सिअसवर आलं की तो उथळ तळाशी शेपटीने खळगा करून अंड्यांवर पहारा देतो. त्या दिवसांत तो जवळजवळ खात नाही, पण खळग्यावर आलेलं ल्युअर तोंडात धरून बाहेर नेऊन टाकतो. तिथे भुकेचा प्रश्नच नाही. तिथे नक्कल सुबक असली काय आणि ओबडधोबड असली काय!

ज्या माणसांनी नामांकित ल्युअर बनवली त्यांनीही चालच शोधली. फिनलंडचे लाउरी रापाला तलावावर जाळी टाकून पोट भरत. मोठा मासा लहानांच्या थव्यात घुसतो तेव्हा नीट पोहणाऱ्यांना सोडून एक बाजूला कलंडत जाणाऱ्यावर झडप घालतो, हे त्यांनी पाहिलं. १९३६ मध्ये त्यांनी बुचाच्या लाकडातून ती कलंडती चाल कोरून काढली. वर चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि वितळवलेल्या फोटोच्या फिल्मचा लेप दिला. रंगरूपाचा सगळा थाट एवढाच. १९६२ मध्ये ‘लाइफ’ मासिकात त्यावर लेख आला. मुखपृष्ठावर नुकत्याच वारलेल्या मेरिलिन मन्रो होत्या, म्हणून तो अंक हातोहात खपला आणि अमेरिकाभर रापालाची मागणी सुरू झाली. त्यांचा या माशाशी तेवढाच संबंध!

पण माझा जीव जडला आहे तो प्लॅस्टिकच्या गांडुळावर, आणि इथे माझ्या म्हणण्याला पहिला सुरुंग लागतो. ओहायोमधल्या अॅक्रनच्या निक क्रीम यांनी १९४९ मध्ये व्हिनाइलचं मऊ गांडूळ केलं ते खऱ्या गांडुळाचा साचा घेऊन. याहून प्रामाणिक नक्कल कुठली? मात्र पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. क्रीम यांचा कारखाना टेक्ससमधल्या टायलरला गेला. तिकडे नव्या धरणांच्या पाण्यात अख्खी झाडं उभीच्या उभी बुडालेली, आणि उघडा गळ प्रत्येक फांदीत अडकायचा. त्यावर तिथल्या लोकांनी तोड काढली ती आज ‘टेक्सस रिग’ म्हणून जगभर चालते. दोरीत आधी बंदुकीच्या गोळीसारखं टोकदार शिसं ओवायचं. मग गळाचं टोक गांडुळाच्या डोक्यातून पाव इंच आत घालून बाजूने बाहेर काढायचं, गळ अर्धा फिरवायचा आणि टोक पुन्हा त्याच्याच अंगात खुपसायचं. गांडूळ सरळ राहायला हवं. जराशी चुणी पडली तर ओढताना दोरीला पीळ बसतो. आता हे गांडूळ फांद्यांवरून, शेवाळातून, ओंडक्यांच्या जाळीतून सुळकन सरकतं आणि जिथे मासा खरोखर बसलेला असतो तिथे पोचतं. पोचणं साधलं आणि नक्कल मागे पडली. गांडुळं जांभळी झाली, द्राक्षाच्या रंगाची झाली, कोणाला लांब वळणदार शेपूट आलं. जांभळं गांडूळ कुठल्या मातीत निघतं? मुळात गांडूळ तळ्याच्या तळाशी राहतं कुठे?

ही वाट शेवटी गॅरी यामामोटोंच्या सेंकोपर्यंत गेली. नव्वदच्या दशकातलं हे ल्युअर म्हणजे मिठाने जड केलेली प्लॅस्टिकची कांडी. आकार बिक कंपनीच्या बॉलपेनावरून घेतला, असं सांगतात. डोळे नाहीत, पाय नाहीत, शेपूट नाही. ते पाण्यात सोडायचं, दोरी सैल ठेवायची आणि काहीही करायचं नाही. कांडी आडवी राहून सावकाश बुडते आणि बुडताना तिची दोन्ही टोकं थरथरतात. मासा बहुतेक वेळा या पडण्यातच लागतो. दोरी उगाच बाजूला सरकताना दिसते तेवढंच. तरुणांना हे जमत नाही, त्यांना सारखं काहीतरी करायचं असतं. साठीनंतर हातांना जो संथपणा येतो तो इथे आयता उपयोगी पडतो, थंडीत तर फारच, कारण थंड रक्ताच्या माशालाही त्या दिवसांत पळापळ नको असते.

रंगाचं काय, असं कोणीही विचारेल. पेटीत वीस रंग बाळगणारा माणूस शपथेवर सांगतो की गढूळ पाण्यात पोपटी-पिवळाच चालतो. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी बासना खाऊचं बक्षीस देऊन रंग ओळखायला शिकवले. बासच्या डोळ्यात रंग टिपणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या, एक हिरव्याकडे झुकलेली आणि दुसरी लालकडे. लाल आणि हिरवा त्याने पक्के ओळखले. पोपटी-पिवळा आणि पांढरा यांत त्याचा गोंधळ झाला, तसाच निळा आणि काळा यांत. म्हणजे दुकानातल्या निम्म्या छटा त्याच्या लेखी एकच. मग त्या शपथेचं काय? ज्या रंगावर विश्वास असतो तोच रंग दिवसभर पाण्यात असतो, म्हणून मासेही त्यालाच लागतात आणि विश्वास आणखी वाढतो. पेटीत पडून राहिलेल्या रंगाला मासा लागणार कसा? आपल्याकडे मरळीसाठी रबरी बेडूक वापरणाऱ्यांतही कोणाचा हिरवा असतो, कोणाचा काळा. पाय म्हणून झिरमिळ्या लावलेला तो बेडूक शेवाळावरून फुदकत गेला की मरळ रंग बघत बसत नाही.

याहून जड आक्षेप दोन आहेत. कॅलिफोर्नियातल्या काही तलावांत इंद्रधनुषी ट्राउट सोडतात आणि तिथले अजस्र बास ट्राउटसारख्या दिसणाऱ्या वीतभर ल्युअरवर पकडले गेले आहेत. पाणी नितळ असेल, मासा म्हातारा असेल आणि त्याला बघायला वेळ मिळत असेल, तर रूप उपयोगी पडतं हे मान्य करायला हवं. तरी त्या ल्युअरमध्ये पहिली गोष्ट आकारमान आहे, दुसरी तिचं सावकाश पोहणं. खवल्यांचा नंबर पुष्कळ खाली. दुसरा आक्षेप हॉलंडमधला. बॉयकेमा या संशोधकाने १९७० मध्ये पाइक माशांवरचे प्रयोग छापले. फिरत्या पात्याच्या ल्युअरवर एकदा पकडलेला पाइक पुन्हा त्यावर येईनासा झाला, खऱ्या आमिषावर मात्र येत राहिला. म्हणजे मासा लक्षात ठेवतो! ठेवतोच. पण त्याच्या लक्षात राहिली ती त्या पात्याची जात, त्यावरची वेलबुट्टी नव्हे. तेव्हा बदलायची तर चाल बदलावी, रंगाचा डबा उघडू नये. शिवाय सगळे मासे सारख्या स्वभावाचे नसतात. इलिनॉयमधल्या रिज लेकवर चार वर्षं प्रत्येक पकडलेल्या बासची नोंद करून त्याला सोडून दिलं. मग तळं उपसलं तेव्हा १७००हून जास्त मासे निघाले, त्यांतले सुमारे २०० एकदाही गळाला लागलेले नव्हते. एक बहाद्दर मात्र एका वर्षात १६ वेळा लागला होता. पुढे या दोन टोकांच्या माशांच्या वेगळ्या पिढ्या वाढवल्या तेव्हा हा गुण वंशात उतरतो असं दिसलं. त्या सोळा वेळवाल्याला सोळा हुबेहूब नकलांनी फसवलं असेल, हे काही पटत नाही.

सर्वांत मोठ्या बासच्या विक्रमाचं काय, हे विचारल्याशिवाय बासवेडा माणूस गप्प बसत नाही. मनाबू कुरिता यांनी २ जुलै २००९ रोजी जपानच्या बिवा सरोवरात २२ पौंड ४.९७ औंसांचा बास काढला तो जिवंत ब्लूगिल माशावर, म्हणजे खऱ्याखुऱ्या आमिषावर. हा माझ्या विरोधातला पुरावा. ब्लूगिलही तिथला नव्हे. युवराज असताना अकिहितो यांना १९६० मध्ये शिकागोच्या महापौरांनी तो भेट दिला, आणि त्याने स्थानिक माशांची जी वाताहत केली त्याबद्दल सम्राटांनी २००७ मध्ये जाहीर खेद व्यक्त केला. जुना विक्रम मोडायला दोन औंस जास्त लागतात, म्हणून कुरितांना बरोबरीवर समाधान मानावं लागलं. ती बरोबरी जॉर्ज पेरी यांच्याशी. २ जून १९३२ रोजी, मंदीच्या काळात, जॉर्जियातल्या माँटगोमेरी लेकवर पेरी आणि त्यांचा सोबती होडीतून गेले होते. दोघांत मिळून ल्युअर एकच होतं, असं सांगतात. क्रीक चब कंपनीचं, लाकडी. त्यावर २२ पौंड ४ औंसांचा बास लागला. पेरींनी तो गावच्या दुकानात तोलला, त्या जोरावर ‘फील्ड अँड स्ट्रीम’ मासिकाची स्पर्धा जिंकली, आणि मासा घरी नेऊन सगळ्यांनी मिळून खाल्ला.